यंदाची दिवाळी कमी सामानात – कोणी करून बघितलीय का?

दुपारची_झोप
घटस्थापनेपासून टाळत आलेलं काम काल केलं. माळा काढला. यादी देते, हसू नका. आकाशकंदील ६ (चालू १). लाईटच्या माळा ४, एकमेकींत अडकलेल्या, म्हणजे खरं तर गुंता १. टिकल्या लावलेल्या, मेण भरलेल्या पणत्या दोन पिशव्या. ड्रायफ्रूटचे रिकामे डबे ९, 'डबा चांगलाय, टाकू नकोस' या खात्यावर. न उघडलेले काचेचे बाऊल सेट ३. त्यातल्या एकाचा कागद सोडवला तर आत चिठ्ठी : 'नव्या घरासाठी खूप खूप शुभेच्छा', खाली नाव माझंच, अक्षर माझंच. २०१९ ला मी एका वास्तुशांतीला दिलेला सेट कुठे कुठे फिरून, कुठेही न उघडला जाता, माहेरी परत आलाय. दहा मिनिटं स्टुलावर बसून त्या चिठ्ठीकडे बघत होते.

डोंबिवलीत वन बीएचके, माणसं पाच. दर दिवाळीला घरात सामान येतं, जात काहीच नाही. यंदा कमी करायचं मनात आहे. नवरा म्हणतो 'तू ठरवशील ते'. साबा (सासूबाई) म्हणतात 'सणासुदीला नाही म्हणू नये'. कपडे, भेटी, फराळ, सजावट यातलं तुम्ही काय कमी केलंत, काय जमलं नाही, घरच्यांना कसं पटवलंत? आणि मुख्य म्हणजे चिकट न दिसता कसं करायचं?

झब्बू
'तू ठरवशील ते' म्हणणाऱ्याला माळ्यावर ठेवा. बरीच जागा होईल.

कडबोळं
बाऊल सेट माहेरी परत आला, ओटी भरून पाठवा आता.

नागपूरवाला_भाऊ
ताई, तुमचा सेट यायला इतकी वर्षं लागली. मी वसुबारसेला दिलेली सोनपापडी भाऊबीजेले घरी वापस आली होती. डब्याच्या बुडाले पोराने पेनानं मिशा काढल्या होत्या, म्हणून वळखली. आमच्याकडे सारे लोक लय फास्ट काम करून राहिले.

ओसरी
आमच्याकडे भाऊबीजेचं गणित असं. आम्ही सख्खी-चुलत मिळून ११ भावंडं. पूर्वी प्रत्येक भाऊ प्रत्येक बहिणीला काहीतरी आणायचा आणि प्रत्येक बहीण प्रत्येक भावाला रिटर्न गिफ्ट. एका दुपारी ढीगभर वस्तू या पिशवीतून त्या पिशवीत जायच्या. २०१७ पासून पाकीट. ठरलेली रक्कम, सगळ्यांची सारखी, ना कमी ना जास्त. पहिल्या वर्षी एका काकूंनी 'हे काय, लग्नातल्या आहेरासारखं' म्हणून नाक मुरडलं. दुसऱ्या वर्षी त्याच पाकिटांचा गठ्ठा घेऊन आल्या.

चिकट दिसण्याबद्दल : आकडा आधीच जाहीर करायचा आणि सगळ्यांना एकच लावायचा. एकट्याने कमी केलं की माणूस चिकट, सगळ्यांनी मिळून केलं की पद्धत.

खडूस_काका
दिवाळी म्हणजे सामान हे कधीपासून झालं? आमच्या लहानपणी वडील बोनस मिळाला की एकच तागा आणायचे. त्यातून आम्हा चौघा भावांचे शर्ट, बहिणीचा फ्रॉक, आणि उरलेल्यातून उशांचे अभ्रे. दिवाळीत फिरायला निघालो की बँडपथक निघालंय असं वाटायचं. फटाक्यांची माळ सोडवून एकेक लवंगी उदबत्तीने लावायचो, चार दिवस पुरायची. कसलं दुःख नव्हतं. आता पोरांना चार-चार ड्रेस, आणि तोंडं बघा.

नीरजा_नाही
काका, तोंडं फोटोत हसरी आहेत. तुम्ही बघत नाही.

माणदेशी_६२
काका, राग मानू नका, पण माझा अनुभव वेगळा आहे. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. आई-वडील दोघं खडी फोडायला जायचे. घरात रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही, पाण्याचा घोट घ्यावा लागायचा. त्या दिवाळीला आईने कामावर मिळालेली सुकडी (कोरडं पौष्टिक पीठ) गुळाच्या पाण्यात मळून तिचे लाडू वळले. सहा झाले. भावंडं पाच, सहावा देवापुढे. देवापुढचा लाडू संध्याकाळपर्यंत कोणी हलवला नाही, मग वडिलांनी त्याचे पाच तुकडे केले.

ते आज सांगताना छान वाटतं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं. पण आई हयात असेपर्यंत ती गोष्ट चारचौघात काढू द्यायची नाही. 'गरिबीचं कौतुक सांगू नये' म्हणायची. साधेपणा नव्हता तो, नाइलाज होता. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीत मी तिला तीन लुगडी नेली. एक पुरेसं होतं हे मला कळत होतं. तरी तीन नेली.

तेव्हा धागाकर्तीला जरूर पाठिंबा, पण ज्यांना आत्ता कुठे हात सैल सोडता येतोय त्यांना 'कमी करा' सांगायला जाऊ नका एवढंच.

दुपारची_झोप
माणदेशी, तुमचा प्रतिसाद साबांना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'आमच्याकडे मिलोच्या कण्या करायचे.' त्यांचं माहेर सांगोल्याकडचं आहे. तेवीस वर्षांत हे पहिल्यांदा कळलं मला.

कोथिंबीर_वडी
आता जरा कामाचं. फराळ कमी करायचा असेल तर दोनच जिन्नस घरी करा, बाकी बंद. आम्ही चिवडा आणि चकली ठेवली. शंकरपाळे, शेव, दोन प्रकारचे लाडू, करंज्या सगळं करत बसलो की तुळशीच्या लग्नापर्यंत डबे खरवडत राहावं लागतं. फक्त यंदा चकली तिसऱ्या दिवशी मऊ पडतेय असं वाटतंय (सरावाचा घाणा केला होता). भाजणी नेहमीचीच : तांदूळ १ किलो, हरभरा डाळ अर्धा, उडीद डाळ पाव, धणे-जिरे.

आजीचा_बटवा
आच मोठी ठेवली असणार. बाहेरून रंग येतो, आत कच्ची राहते, मग मऊ पडते. तेल चांगलं तापवा, चकली सोडली की आच मध्यम करा, आणि बुडबुडे बसेपर्यंत हात लावू नका.

कडबोळं
मोहन किती घातलं? जास्त झालं तर तेलात हसते (फुटते), कमी पडलं तर दात मागते.

कोथिंबीर_वडी
दोन वाट्या भाजणीला दोन चमचे, कडकडीत. उकड काढली होती.

नागपूरवाला_भाऊ
मऊ पडली तं काय होते? दह्यात टाकून खा. चकलीवर कोर्टात जाता का?

फावला_वेळ
मंडळी, विषय चकली नाही. चकलीचा वेगळा धागा आहे, तिथे जा. आणि फटाक्यांवर इथे कोणी काही लिहू नका, मागच्या दिवाळीत तो धागा तीनशे प्रतिसादांनंतर कुलूपबंद करावा लागला होता.

मांडवीकाठी
फोंड्याहून लिहितेय. आमच्या गोंयात दिवाळी मुळात फराळाची नव्हेच, फोवांची, म्हणजे पोह्यांची. नरकचतुर्दशीला पहाटे न्हायचं, तुळशीपाशी 'गोविंदा' म्हणत डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट (छोटं कडू रानफळ) फोडायचं, त्याची कडू बी जिभेला लावायची, आणि मग फोव : दुधातले, ताकातले, रोसातले (नारळाच्या रसातले), गुळातले, बटाट्याचे. घरच्या भाताचे पोहे, घरचा नारळ, घरचा गूळ नाही तरी दुकानचा. नऊ वाजेपर्यंत शेजारच्या चार घरांत जाऊन चमचा-चमचा खाऊन यायचं. जेवण करायची गरजच पडत नाही. गूळ सोडला तर एकही वस्तू विकत आणावी लागत नाही आणि दिवाळी पुरेपूर होते.

पण आमच्याकडे पसारा घरातून रस्त्यावर गेलाय. नरकासुर! माझ्या लहानपणी वाडीवरची पोरं काठ्या, गवत, जुने कपडे जमवून पुरुषभर उंचीचा करायची. आता दोन मजली, वर रात्रभर कानठळ्या बसवणारं संगीत, पहाटे जाळून मोकळे. सकाळी रस्त्यावर लोखंडी सांगाडे आणि तारा. कृष्णापेक्षा नरकासुराचा खर्च जास्त, असं आमचा बाबा म्हणतो.

झब्बू
नरकासुर तरी वर्षातून एकदा जळतो. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी बारा महिने असतो.

शिंपलीतला_मोती
सगळे 'कमी करा, घरी करा' म्हणताहेत, तर एक प्रश्न. घरी करणार कोण? घरचं उटणं, घरचा कंदील, घरचा फराळ, कागदाऐवजी कापडी पिशव्या शिवा, पणत्या रंगवा. आमच्याकडे 'साधी दिवाळी'चा प्रयोग २०२१ ला झाला. ठरवलं सगळ्यांनी, उत्साह सगळ्यांचा, आणि रात्री दीड वाजता ओट्याशी शंकरपाळे तळत उभी कोण, तर मी. नवऱ्याने शंकरपाळ्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला : 'यंदा सर्व घरगुती'. साधेपणाचं कंत्राट बायकांनाच का?

मी तेव्हापासून सगळं विकत आणते. आमच्या गल्लीतल्या बचत गटाकडून. भाऊबीजेला मी अंघोळ करून, नवी साडी नेसून, चहा पीत बसलेली असते. माझी साधी दिवाळी ती.

नीरजा_नाही
+१०००. वाचनखूण साठवली, घरी वाचून दाखवणार.

ओसरी
मोती, अगदी मान्य. पण मग कमी म्हणजे जिन्नसच कमी, असं करता येईल ना? घरचे असोत की विकतचे, सात प्रकार हवेतच असं पंचांगात लिहिलेलं नाही.

शिंपलीतला_मोती
पंचांगात नाही, नणंदेच्या तोंडावर लिहिलेलं असतं.

रापलेला
मी कुंभार नाही, पण मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्याच्या अगदी कडेला राहतो. पावसाळा सरत आला की गल्लीत पणत्यांच्या रांगा वाळत घातलेल्या दिसतात. पाय ठेवायला जागा नसते. त्या घरांचं वर्षाचं गणित या चार-सहा आठवड्यांवर असतं. तुम्ही सगळ्यांनी जुन्याच पणत्या धुऊन वापरायचं ठरवलंत तर तुमचा माळा रिकामा होईल, त्यांचा वाडा भरलेला राहील. बारा पणत्या मागच्या वर्षी चाळीस रुपयांना घेतल्या, साध्या, गेरूच्या. त्या माळ्यावर ठेवायच्या नाहीत, फुटल्या की कुंडीत. अडगळ होते ती त्या टिकल्या चिकटवलेल्या, मेण भरलेल्यांची. मेण संपल्यावर त्यांचा उपयोग काय?

म्हणून म्हणतो, कमी काय करायचं हे ठरवताना ते कोणाच्या हातचं आहे तेही बघा. झेंडू, केरसुणी, लाह्या-बत्तासे, रांगोळी यांत कोणाचा माळा भरलाय?

दुपारची_झोप
हे पटलं. मेणाच्या पणत्यांच्या दोन्ही पिशव्यांवर आजच निर्णय घेते.

न्यू_जर्सीची_सून
इकडची गंमत. मंडळाची दिवाळी सोयीच्या शनिवारी, कधी कधी दिवाळी होऊन आठवडा उलटल्यावर. त्याशिवाय प्रत्येकाच्या घरी एकेक पार्टी. पार्टीला रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून प्रत्येक जण सुगंधी मेणबत्ती नेतो. माझ्याकडे सध्या १७ आहेत. वीज गेली तरी दोन हिवाळे निघतील.

पण खरी दिवाळी म्हणजे आईचं पार्सल. साताऱ्याहून येतं. पाच किलोचा खोका, त्यावर तिने टेप इतकी गुंडाळलेली असते की उघडायला विळी लागावी. दरवर्षी चकलीचा चुरा होऊन येतो. दरवर्षी मी सांगते 'पाठवू नकोस, इथे सगळं मिळतं'. ती पाठवते. चुरा आम्ही दह्यात घालून खातो (नागपूरवाले भाऊ, तुमची पद्धत इथवर पोचली आहे). कमी करायच्या यादीत सगळं घालीन, हा खोका नाही घालणार.

खडूस_काका
चुरा झालेल्या चकलीवर पोस्टाचा खर्च किती?

न्यू_जर्सीची_सून
चकलीच्या वजनाची चांदी येईल. विचारू नका.

पोळपाट
थोडं नाजूक लिहितेय. 'माळा रिकामा करणे' म्हणजे पुष्कळदा मावशींना देऊन टाकणे असतं. मीही तेच करायचे. दिवाळीच्या तोंडावर जुन्या साड्या, मुलांचे लहान झालेले कपडे, ते सगळे डबे एका मोठ्या पिशवीत भरून भांडीवाल्या मावशींच्या हातात. दोन वर्षांपूर्वी त्या दारात थांबल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, 'ताई, पाच घरची कामं आहेत मला. पाचही घरून डबे मिळतात. माझ्याकडे माळाच नाही.'

लाज वाटली. तेव्हापासून एका महिन्याचा पगार बोनस, रोख, आणि भाऊबीजेची सुट्टी. कपडे द्यायचे असले तर धुऊन, इस्त्री करून, आणि आधी विचारून.

माणदेशी_६२
पोळपाटताई, नमस्कार स्वीकारा.

कडबोळं
बोहारणीचा पर्याय आहे ना? जुने कपडे द्या, पातेलं घ्या.

झब्बू
म्हणजे एक वस्तू गेली, एक आली. माळा जैसे थे.

हातोडी_करवत
कंदिलावर कोणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचा सांगाडा २००९ चा आहे. बांबूच्या कामट्या, सुताने बांधलेला, षट्कोनी. दरवर्षी फक्त कागद बदलतो. नवरात्र संपलं की सांगाडा उतरवायचा, जुना कागद पाण्याने भिजवून सोलायचा, सैल गाठी घट्ट करायच्या, मैद्याची खळ शिजवायची (गुठळी राहू द्यायची नाही, नाहीतर कागदाला फोड येतो), आणि पतंगाचा कागद ताणून लावायचा. ओला असताना सुरकुत्या दिसतात, घाबरायचं नाही, वाळला की ताणून बसतो. खाली झिरमिळ्या. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम, आणि ते मी आणि मुलगी करतो (मोतीताई, नोंद घ्यावी). माळ्यावर जागा शून्य, कारण सांगाडा वर्षभर गॅलरीत टांगलेला असतो. त्यात एकदा चिमण्यांनी काड्या आणून ठेवल्या, त्या वर्षी कंदील लावला नाही.

किल्ल्यालाही तेच. माती, दगड, गोणपाट, वरून अळीव पेरले की चार दिवसांत हिरवळ. हल्ली तयार किल्ला मिळतो, प्लास्टरचा, पायऱ्यांसकट. तो विकत घेऊन गच्चीवर ठेवणाऱ्या एका बापाला मी विचारलं, 'मग मुलगा काय करतो?' म्हणाला, 'मावळे लावतो.'

शिंपलीतला_मोती
नोंद घेतली. तुमच्यासारखे आणखी चार पाठवा.

फावला_वेळ
दिवाळी अंकांचं काय? १९०९ ला 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस रद्दी साठवतोय. मी तरी दहा घेतो आणि तीन वाचतो.

आजीचा_बटवा
वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते. ती भरा, मार्चपर्यंत पुरतील तेवढे वाचा, परत द्या. फक्त शब्दकोडं आधीच्याने पेनाने सोडवलेलं मिळतं.

खडूस_काका
आणि चुकीचं सोडवलेलं.

दुपारची_झोप
दिवाळी झाली. काहींनी विचारलं म्हणून हकीकत लिहितेय.

कपडे : मुलांना एकेक. आम्हा दोघांना नाही. साबांना घेतलं, त्यांनी 'मला कशाला' म्हणून रंग स्वतः निवडला.
भेटी : ओसरीचं पाकीट. ग्रुपवर आकडा टाकला तेव्हा दीड तास कोणी काही बोललं नाही. मग धाकट्या दिराने अंगठा दाखवला आणि बाकीचे धडाधड आले. नणंद मात्र भाऊबीजेला म्हणालीच, 'यंदा हात आखडता दिसतोय वहिनी.' माझ्या आधी साबाच म्हणाल्या, 'आखडता नाही, मोकळा आहे. धरायला काही नाही हातात.' मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

फराळ : चिवडा घरी केला (नवऱ्याने पोहे परतले, पहिला घाणा करपला, दुसरा खाण्यासारखा), चकली आणि लाडू बचत गटाचे. एवढंच ठरलं होतं. धनत्रयोदशीला कामावरून आले तर ओट्यावर अनारसे. साबांनी गुपचूप तीन दिवस तांदूळ भिजवून, शेजारणीकडे कुटून, पीठ मुरवून ठेवलं होतं. म्हणाल्या, 'तू यादीतून काढलंस, मी कुठे काढलं?' सहा अनारसे जास्त केले होते, ते मावशींसाठी. बोनस वेगळा दिला, पगाराइतका.

सजावट : साध्या पणत्या, एक कंदील, जो चालू होता तो. मेणाच्या पणत्यांतलं मेण काढायला मुलांना बसवलं, दोन तास शांतता मिळाली.

फसलेलं : तरीही तीन खोके आलेच. दोन ऑफिसातून, एक सोसायटीतून. सोनपापडी एक. बुडाला मिशा नाहीत, तपासलं.

नागपूरवाला_भाऊ
म्हंजे नवा माल आहे. पुढे पाठवा, पण काहीतरी काढून पाठवा.

नीरजा_नाही
आणि तो बाऊल सेट?

दुपारची_झोप
उघडला. कोजागरीला त्यातच मसाला दूध प्यायलो. सहापैकी एक बाऊल आधीच तडकलेला निघाला.

कोथिंबीर_वडी
नऊ डबे गेले का?

दुपारची_झोप
नाही. साबांनी त्यात पुढच्या वर्षीची भाजणी भरलीय.

आजीचा_बटवा
वर्षभर? पोरकिडे होतील त्यात! फ्रीजमध्ये ठेवायला सांगा, आणि अनारशाच्या पिठाला गूळ किती घेतला तेही विचारून इथे लिहा.